क्यू, वाय आणि दुकानाचा उंबरठा

बिस्किटांच्या रिकाम्या डब्याचं झाकण पाट्यावर टण्णकन आदळलं आणि गरगरत चुलीपाशी जाऊन पडलं. दुपारची सामसूम मोडली.

"काय पाडलं वं?" ओसरीतून वच्छलाबाईंनी विचारलं.

"मांजर होतं, आत्याबाई."

मांजर कुठलं! कौशल्या डबा मांडीवर घेऊन त्याच्यावरची इंग्रजी अक्षरं लावत बसली होती, आणि पाच वर्षांची सगुणी शेजारी तोंडावर हात धरून हसू दाबत होती.

महाल मोहल्ल्यातल्या त्या घरात पुढे सासऱ्यांचं, रामाजींचं, किराण्याचं दुकान आणि मागे संसार. दुकानात रिकामा झालेला डबा स्वयंपाकघरात यायचा, एकात डाळ तर दुसऱ्यात तिखट भरलं जायचं. घरचे डबे उघडत ते फक्त आतल्या जिनसांसाठी. कौशल्या मात्र हल्ली डबा आधी वाचायची, मग उघडायची. मुलींच्या शाळेतल्या मास्तरीणबाई, यमुताई, दुपारी मोहल्ल्यातल्या बायकांना इंग्रजी शिकवत, आणि वर्गाच्या शेवटी एक खेळ घेत. अक्षरांच्या दोन चिठ्ठ्या काढायच्या. ती दोन्ही अक्षरं ज्यात आहेत असा इंग्रजी शब्द सांगायचा, वर त्याचा मराठी अर्थ. मास्तरीणबाईंचे आकडे मोजून संपले तरी सुचलं नाही, की बाद. बाकीच्या जणी पुस्तकातले शब्द घोकून यायच्या. कौशल्याला घोकायला वेळ कुठला मिळायचा? ती डोळे मिटायची आणि मनातल्या मनात घरभर फिरायची. चुलीजवळच्या आगपेटीवर 'सेफ्टी', शिवणाच्या टोपलीत रिळावर 'कॉटन', कोनाड्यात सासूबाईंच्या खोकल्याच्या बाटलीवर 'मिक्श्चर'. जिथे अक्षर सापडेल तिथे थांबायची.

वच्छलाबाई काही वाईट नव्हत्या. पण सून वर्गाला गेली की पोर आणि निवडण-टिपण त्यांच्यावर पडायचं. त्यांनी साफ सांगून टाकलं होतं, "संक्रांतीपावेतो जाय. तिथून तू घरी काय आणतं ते मले एकदा दिसू दे. नाही दिसलं तं मंग बस."

म्हणून वर्गातल्या संक्रांतीच्या हळदीकुंकवाला त्या स्वतः आल्या, नात मांडीवर घेऊन पहिल्या रांगेत बसल्या. रामदासपेठेतल्या शिकलेल्या बायकाही खेळायला आल्या होत्या. तिळगूळ झाला, वाण लुटून झालं आणि यमुताईंनी चिठ्ठ्यांची वाटी पुढे घेतली. एकेक जण बाद होत गेली. शेवटी दोघी उरल्या, रामदासपेठेतल्या वकिलांच्या इंदुताई आणि आपली कौशल्या.

चिठ्ठ्या निघाल्या. क्यू आणि वाय.

इंदुताई लगेच म्हणाल्या, "क्विकली. म्हणजे झटकन." त्या तशाच झटकन बोलल्या म्हणून सगळ्या हसल्या.

यमुताई आकडे मोजू लागल्या. कौशल्यानं डोळे मिटले. चुलीपाशी गेली, काही नाही. फडताळ चाळलं, शिवणाची टोपली उपसली. 'सेफ्टी'त वाय होता पण क्यू नव्हता. देवघरातल्या कापराच्या डबीपर्यंत जाऊन आली. घर संपलं.

राहिलं दुकान. रोज पहाटे, मामंजी अंघोळीला गेले की तीच दुकान झाडायची, तिथली फळी न् फळी तिला पाठ होती. पण आता मनातसुद्धा दुपार होती, आणि मामंजी गादीवर बसले होते. ते बसलेले असताना त्या घरातल्या सुनेनं दुकानात पाय टाकलेला कुणी पाहिला नव्हता. ती उंबरठ्याशी अडली. यमुताईंचे आकडे चाललेच होते.

मग भर सभेत कौशल्यानं डोक्यावरचा पदर कपाळापर्यंत ओढला आणि मान खाली घातली.

बायकांत खसखस पिकली. हिला लाज कोणाची आली इथे? इंदुताईंनी तर हळूच विचारलं, घेरी येतेय का. एकट्या वच्छलाबाई ताठ होऊन बसल्या. तो पदर त्यांच्या ओळखीचा होता. त्यांनीही उभा जन्म तो त्याच दारात ओढला होता.

कौशल्या मामंजींच्या गादीमागून अंग चोरून गेली. वरची फळी. चहाची पेटी. सोनेरी अक्षरं.

"क्वालिटी," ती म्हणाली. "म्हणजे मालाची प्रत."

टाळ्या पडल्या. इंदुताईंनी जरा थांबून 'एन्क्वायरी' सांगितलं. कौशल्यानं पुन्हा सगळं दुकान पालथं घातलं, पण आकडे संपले. बक्षिसाचा कुंकवाचा करंडा इंदुताईंच्या हाती गेला.

परतताना कौशल्या मनाशी हिशेब करत होती. संक्रांत झाली. वर्ग संपला. गल्लीच्या तोंडाशी सासूबाईंनी विचारलं.

"दुकानात शिरली होती न वं तू?"

"होय, आत्याबाई."

"हे बसले होते?"

"होते."

"काही म्हनलं काय त्याहीनं?"

"मान वर करूनच नाही पाह्यलं मी."

वच्छलाबाई पदर तोंडाला लावून अशा हसल्या की रस्त्यात थांबावं लागलं. तेवढ्यात शेजारच्या शोभाताईंनी दारातून विचारलं, बक्षीस कोणाला मिळालं म्हणून.

"करंडा रामदासपेठेत गेला, जाऊ दे," वच्छलाबाई साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा म्हणाल्या. "पण घरातलं समदं सरलं तरी माही सून उंबरठ्यावरून मांगं नाही फिरली. सासऱ्यादेखत दुकानात गेली अन् शब्द घेऊन आली." मग सुनेकडे न बघता, "उद्यापासून पोरगी दुपारी माह्यापाशी राहीन. तू वर्गाले जात जाय. उशीर नोको करू."

कौशल्यानं सगुणीचा तिळगुळानं चिकट झालेला हात घट्ट धरला. पोर कसल्याशा विचारात होती. दाराशी येताच तिनं वर पाहिलं.

"माय वं, जे आपल्या घरात नाही अन् दुकानातबी नाही, त्याचे शब्द कोनाच्या घरी ठेवले असतीन?"