गानिमचा उजवा हात

मित्रांनो, मी एक जुना हात आहे. पण आईच्या पोटात घडलेला नव्हे. हलका धातू, तारा आणि इवल्या मोटारी जोडून मला एका कारखान्यात बनवले आणि इराकमधल्या मोसुल शहरात पाठवले. तिथे मी मुयस्सर या पाव भाजणाऱ्या तरुणाचा झालो. लढाई थांबल्यावर पडक्या घराचा ढिगारा उपसताना दडलेला बॉम्ब फुटला आणि त्याचा उजवा हात गेला होता.

माझ्या बोटांत त्याने पहिल्यांदा चहाचा पेला धरला, तेव्हा त्याचा थोरला भाऊ गानिम ढसाढसा रडला.

दोघे हाजी इदरीस यांच्या भट्टीत कामाला होते. मला चटका बसत नसे, दम लागत नसे. तापलेले पत्रे मी उघड्या बोटांनी ओढी. गिऱ्हाइके पाव घ्यायचे विसरून बघत राहत आणि मी कौतुकाने फुलून जाई.

"मुयस्सर, तुला हात बसवलाय, की हाताला तू?" गानिम थट्टा करी.

एके सकाळी हाजी सर्वांसमोर म्हणाले, "गानिम, तुझ्या दोन हातांपेक्षा ह्याचा एक बरा. शुक्रवारनंतर येऊ नकोस."

"दादा नाही, तर मीही नाही," मुयस्सर म्हणाला.

"मग दोन्ही घरच्या चुली कोण पेटवणार? तुझा दादा?"

मुयस्सर पुन्हा पत्रे ओढू लागला. गानिम त्या दिवसापासून थट्टा करायचा थांबला.

गुरुवारी त्याने कणीक लाटणाऱ्या रुळांत आपला उजवा हात घातला. चुकून नव्हे. मुयस्सर किंचाळत धावला. मी रूळ जागच्या जागी रोखले. तेवढे बळ माझ्यात होते. पण उशीर झाला होता.

दवाखान्यात डोळे उघडताच गानिमने विचारले, "डॉक्टरीणबाई, आता मलाही तसाच हात बसवाल ना?"

त्यांनी त्याची चादर सारखी केली. "काका, तसे हात यायचे बंद झालेत."

मुयस्सरने तिथेच पट्टे सोडले आणि मला भावाच्या उशाशी ठेवले. "दादा, हा घे. मला नको."

"काका, तो मुयस्सरच्याच मापाचा आहे हो," डॉक्टरीणबाई हळूच म्हणाल्या.

गानिम माझ्याकडे बघत राहिला. "वेड्या, घाल तो. निदान तू तरी कामाला जा."

मुयस्सर गेला नाही. त्याने मला पुन्हा कधी अंगाला लावले नाही. आता मी त्याच्या कपाटात धूळ खात पडलो आहे.

मित्रांनो, माझ्यासारखे हात खूप घडवा. ज्याचा गेला, त्याला जरूर द्या. पण आमच्या बळाने माणसाला मोजू नका. मुयस्सरची तान्ही मुलगी गानिमचा तळवा पाठीवर असला तरच झोपत असे. मी जवळ गेलो की ती दचकून रडे. दोन्ही घरांत हे सर्वांना ठाऊक होते. पण गानिमला ते वेळेवर कोणी सांगितलेच नाही.