हिवाळ्याचा घाट

या, असे जवळ सरका. त्या खांबाला टेकलात तरी चालेल, पण ऐकू येईल एवढ्यात बसा; ही गोष्ट मोठ्या आवाजात सांगायची नव्हे. धर्मापुरीच्या अलीकडच्या एका तळ्याची, त्याच्या काठावरच्या घाटाची आणि एका रिकाम्या घागरीची ही गोष्ट. राज्य निजामाचं होतं तेव्हाची. गोड शेवटाची आस धरू नका. ऐकून झाल्यावर तुमच्याकडे एक मागणं आहे, ते मात्र सोडू नका.

मुंजाजी हा प्रभूचा कीर्तनकार. उंच, काळासावळा, आवाज असा की बैलगाडीतली पोरं झोपेतून उठून बसावीत. हातात चिपळ्या, डोक्याला फेटा, आणि टाळ धरायला बायको, छबुबाई. येशूचं नाव नव्यानं घेतलेली गावकुसाबाहेरची माणसं त्याचं कीर्तन ऐकायला कोसकोस चालत यायची. शोमरोनी बाईचं आख्यान त्याच्या खास जिव्हाळ्याचं: भर दुपारी प्रभू परक्या गावच्या विहिरीवर बसतो आणि जिच्या हातचं पाणी कोणी घेत नाही त्या बाईला म्हणतो, मला प्यायला दे. तिथं आला की मुंजाजी चिपळ्या थांबवायचा, डोळे मिटायचा आणि स्वतः बांधलेलं पद उचलायचा:

विहिरीच्या काठी बसला माझा धनी,
म्हणे, बाई, दे गं मला ओंजळभर पाणी.

नेकनूरला एकदा असंच कीर्तन रंगलं. बायका पदराला डोळे पुसत होत्या. ते आटोपून मुंजाजी झाडाखाली आला, तर छबुबाई दिसेना. ती गावच्या विहिरीपासून लांब, रिकामी घागर पायाशी ठेवून उभी होती. कोणी तरी येईल, कोणाला तरी दया येईल, वरून धार धरील, म्हणून दुपारपासून उभी. लहानपणापासून तिनं पाणी असंच मिळवलेलं. आपल्या हातानं घागर बुडवणं म्हणजे काय, ते तिच्या हाताला ठाऊक नव्हतं.

"अवो," ती म्हणाली, "त्या बाईला हीर तरी व्हती. दोर तिचा, घागर तिची, शेंदायची बी तीच. तुमच्या आख्यानात माजी जागा कुटं हाय?"

त्या दिवसापासून मुंजाजीनं एकच ध्यास घेतला. आपल्या माणसांना पाण्याकाठी स्वतःची जागा हवी. वर्षातून एकदा सगळ्यांनी तिथं मुक्कामाला यावं, कीर्तन ऐकावं, प्रार्थना करावी, आणि कोणापुढे ओंजळ पसरू नये. पहिली घागर छबुबाईनं भरावी.

जागा सापडली ती आमिनाबींची. त्या एका लहान जागीरदाराच्या विधवा. तळ्याकाठी त्यांच्या नवऱ्याचा शिकारीचा तळ होता: दगडी चबुतरा, घोड्यांची पागा, दोन खोल्या आणि पाण्यात उतरणारा सहा पायऱ्यांचा घाट. मियाँ गेल्यापासून तिथं बाभळी माजल्या होत्या. आमिनाबी हैदराबादला लेकीकडे निघाल्या होत्या. त्यांना ते सगळं विकून मोकळं व्हायचं होतं. गावोगावच्या मंडळीनं जमेल तसे पैसे घातले, कोणी बकरी विकली, कोणी चांदीचं कडं. आश्विनात मुंजाजी जागा बघायला गेला तेव्हा पाणी तिसऱ्या पायरीला चाटत होतं.

"आमचे मियाँ परिंद्यांपायी, त्या बदकांपायी पागल होते, मास्तर," आमिनाबी म्हणाल्या. "सर्दीचा मौसम आला की इथं येऊन बसायचे. होळी आली की तंबू उठला, फिर कोण येतंय इकडं."

मुंजाजीनं मान हलवली. पण त्याच्या कानात तिसऱ्या पायरीचं पाणी वाजत होतं. ज्या माणसांना तळं नेहमी लांबूनच बघायचं, त्यांना ते ऋतूऋतूला किती सरकतं हे कुठून कळणार? बैनामा, म्हणजे खरेदीखत, झाला. त्यात लिहिलं होतं, घाटाच्या शेवटच्या पायरीपर्यंत. तेही त्याला आख्यानातल्या ओळीसारखं गोड वाटलं.

मग सगळा हिवाळा काम चाललं. तेलगावकडचा बंकट पाथरवट होता. त्यानं घाटाचे ढळलेले दगड बसवले. पुरुषांनी बाभळी तोडल्या, पागेतली जुनी लीद खणून काढली, वर पाचट घातलं. बायकांनी भिंती सारवून चुना फासला. ज्या आकड्यांना मारलेली बदकं उलटी टांगायचे त्यांना कंदील लागले. तिसऱ्या पायरीवर छबुबाईनं बंकटाकडून एक वाटोळी खळगी खोदून घेतली, घागर ठेवायला. रोज ती त्या खळगीवरून हात फिरवायची.

एकदा कामावरून उठून तिनं घागर घेतली आणि पायऱ्या उतरू लागली. मुंजाजीनं वरून हाक मारली.

"अगं, थांब. आज न्हाई."

"कावून?"

"मेळ्याच्या दिशी. मी पद उचलीन, समदी मंडळी बघत आसंल, आन तवा तू पयली घागर भरायची. नेकनूरची, तेलगावची, समद्यांनी ते बघितलं पायजे."

छबुबाई पायरीवर उभी राहिली. पाणी तिच्या अंगठ्यापासून वीतभर लांब होतं.

"आन तवर?"

"तवर वढ्यातल्या झिऱ्याचं आन. भिंतीचा गारा कालवायला त्येच चाललंय की."

ती हसली. "तुमचं कीर्तन लई पाणी पितंय बघा," म्हणाली आणि रिकामी घागर घेऊन वर आली. बंकट खो खो हसला, मुंजाजीही हसला. त्याला वाटलं, बायको खुशीत आहे. होतीही.

पौषात पाणी पाचव्या पायरीला गेलं. माघात सहावी पायरी कोरडी झाली आणि तिच्या खाली चिखल दिसू लागला. छबुबाई म्हणाली, "तळं पाठ फिरवतंय." मुंजाजी म्हणाला, "प्रभू बघंल." त्यानंतर ती त्या विषयावर बोलली नाही.

फाल्गुनात एका सकाळी घाटाखाली माणसं दिसली. उघड्या पडलेल्या गाळात ती आळी करून टरबुजाच्या बिया टोचत होती. माणसं तळ्याकाठच्या गावच्या शहादेव पाटलांची होती. मुंजाजी पाटलांच्या ओट्याखाली जाऊन उभा राहिला.

"ये मुंजाजी. लई चुना फासलास म्हनं," पाटील म्हणाले. "बदकं लाजली आसतील."

"मालक, घाटाखालचं रान..."

"गाळपेर हाय ती. पानी मागं सरलं की उघडं पडतंय ते आमच्याकडं, आज्याच्या वक्तापासून. तुजं पायरीपतूर. कागुद बघ."

"कागुद म्या बघितलाय. मला निस्ती पानंद द्या, हातभर. पान्यापतूर. म्या सोता उभा ऱ्हातो, येकबी येल चेंगरनार न्हाई."

"येलाचं कोन बोलतंय बे?"

पाटील खाली बघत सुपारी कातरत राहिले. माणूस दुष्ट नव्हता, तेच वाईट होतं.

"तुमी घागरी बुडवल्या आन गावानं तळं सोडलं, तर गाव पानी प्यायला माज्या दारात येईल. आन तू? तू कीर्तन करून जाशील. आसं कर. माजा गडी देतो. त्यो घागरी भरून घाटावर आनंल आन तुमच्या भांड्यात वरून वाढंल. तहानलेलं ठेवनार न्हाई तुमाला."

मुंजाजीला नाही म्हणता आलं नाही. मेळा लांबवताही येत नव्हता. माणसं मालकांकडं सालानं बांधलेली. सुगी संपल्यावर, पेरणीच्या आधी, तेवढेच दिवस त्यांचे. मोकळीक असते तेव्हा पाणी नसतं आणि पाणी असतं तेव्हा मोकळीक नसते. शिकारीला येणाऱ्याला हा पेच कधी पडला नाही; त्यानं घाट बांधला तो हिवाळ्यासाठी.

पुनरुत्थानाच्या सणाला मंडळी आली. लेकरं खांद्यावर, भाकरी फडक्यात. चबुतरा, चुन्याच्या भिंती, कंदील बघून म्हाताऱ्या माणसांनी जमिनीला कपाळ टेकलं. मग तहान लागली, आणि सगळे घाटाकडे वळले. सहाव्या पायरीच्या खाली टरबुजाचे वेल पसरले होते, त्यांच्यापलीकडे, ऊन थरथरत होतं तिथं, पाणी. पाटलांचा गडी घागर उंच धरून उभा. माणसं रांगेत बसली आणि त्यांनी ओंजळी पुढं केल्या. त्यांना त्यात नवं काहीच नव्हतं.

छबुबाईची घागर खळगीत पालथी होती.

ऊन कलल्यावर मुंजाजी कीर्तनाला उभा राहिला. पूर्वरंग कसाबसा झाला. विहीर आली, बाई आली, प्रभू बसला. त्यानं डोळे मिटले आणि पद उचललं. पहिल्या ओळीला टाळ वाजला, दुसऱ्या ओळीला वाजला नाही. त्यानं डोळे उघडले. छबुबाई टाळ खाली ठेवून उठली होती. सगळ्यांच्या मधून चालत ती घाटावर गेली, खळगीतली घागर सुलटी केली, आणि पाण्यासाठी जी रांग अजून उरली होती तिच्या शेवटी जाऊन उभी राहिली.

तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. मुंजाजीनं पद तिथंच सोडलं. मंडळीनं त्याला तहान लागली असं समजून पद पुढं नेलं, आणि ओंजळभर पाणी, ओंजळभर पाणी, असं किती तरी वेळ चबुतऱ्यावर घुमत राहिलं.

पुढच्या आश्विनात मुंजाजी एकट्या तिला घेऊन तळ्यावर आला. पागेवरचं पाचट उडालं होतं. पाणी तिसऱ्या पायरीला होतं, खळगीत काठोकाठ उभं होतं.

"चल," तो म्हणाला. "भर आता. कुनी न्हाई अडवायला."

ती वरच्या पायरीवर बसून राहिली.

"माजं चुकलं, छबू."

"तुमी चुकला न्हाई. तुमाला दावायचं व्हतं. मला निस्ती भरायची व्हती." घागर जवळ ओढत ती म्हणाली, "जाऊ द्या. आता हातच पुढं व्हत न्हाई."

दोघं तशीच बसली. पाण्यावर पहिली बदकं उतरली होती. निघताना तिनं घागर घेतली आणि वाटेत, ओढ्याच्या झिऱ्यावर, करवंटीनं थोडी थोडी भरली.

मेळा आणखी दोन वर्षं भरला. मग माणसं यायची थांबली. वरून वाढलेलं पाणी त्यांना त्यांच्या गावातही मिळत होतं. पागेत पुन्हा बाभळी उगवल्या. मुंजाजीनं पुढंही गावोगाव कीर्तनं केली, पण शोमरोनी बाईचं आख्यान त्यानं पुन्हा लावलं नाही, आणि छबुबाईनं त्या घाटावर पुन्हा पाऊल ठेवलं नाही.

तर एवढंच मागणं. पाण्याकाठी कधी उतरलात आणि कोणी न अडवता भांडं बुडवायला वाकलात, तर ते वर काढण्याआधी क्षणभर हात थांबवा आणि छबुबाईची आठवण काढा.