निळ्या पेन्सिलीचा नियम

दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी गुणाजी परबांनी तोच कागद बाराव्यांदा उचलला, लाल पेनचं टोपण काढलं आणि बाराव्यांदा परत लावलं. मग उठून गॅलरीत गेले, खाली मुलुंडचा रस्ता सकाळी खोदलेला होता तसाच खोदलेला आहे याची खात्री केली आणि परत येऊन बसले. बसले म्हणजे टेकले. लगेच उठले.

"काय ता एकदाचा ठरवा," त्यांची बायको जानकीबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. "आमची फरशी झिजली ती झिजली, आता खालचे लोक वर येतले भांडाक."

ठरवायचं होतं ते एवढंच, की उपनगर ड्राफ्ट्समन मंडळाच्या ईमेल-गटातून तुळशीदास कोळीला काढायचं की ठेवायचं. मुदत पाच वाजेपर्यंत होती. तक्रार आल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत निर्णय द्यावा, असा नियम दहा सांगत होता, आणि नियम दहा गुणाजींनीच लिहिला होता. एक ते अकरा सगळेच त्यांनी लिहिले होते.

मंडळात बोरिवलीपासून मुलुंडपर्यंतचे दोनशे चौदा ड्राफ्ट्समन. घरं, दवाखाने, गोदामं यांची ड्रॉइंग काढणारी माणसं. आपलं ड्रॉइंग गटावर टाकायचं, बाकीच्यांनी चुका दाखवायच्या, असा हा गट. चुका दाखवता दाखवता लोक एकमेकांचे पूर्वज दाखवायला लागले, तेव्हा दोन वर्षांपूर्वी मंडळाने आदरपूर्वक वागण्याचे नियम करायचं ठरवलं आणि ते काम, नियामकपदासकट, गुणाजींना दिलं. बत्तीस वर्षं ज्याने कांजूरमार्गच्या कंपनीत चेकर म्हणून इतरांच्या ड्रॉइंगमधल्या चुका काढल्या, त्याच्याइतका योग्य माणूस कुठे मिळणार? गुणाजींनी सात आठवडे घेतले. पत्राची सुरुवात नमस्काराने करावी. सुप्रभातची फुलं टाकू नयेत. वाढदिवसाच्या शुभेच्छा ज्याचा वाढदिवस त्यालाच पाठवाव्यात, दोनशे चौदा जणांना नाही. दोष ड्रॉइंगला द्यावा, माणसाला नको. कोणाचा ईमेल-पत्ता कोणाला दिसू नये. तीन तक्रारी खऱ्या ठरल्या की सदस्य बाहेर, आणि बाहेर गेलेल्याला वर्षभर परत घेऊ नये. या शेवटच्या, अकराव्या नियमावर मंडळाचा सेक्रेटरी निलेश म्हणाला होता, काका, वर्ष जास्त होतं, तीन महिने करू. गुणाजींनी ऐकलं नव्हतं. शिक्षा म्हटली की ती मापात हवी आणि माप पूर्णांकात हवं, असं ते म्हणाले होते.

तुळशीदासाची ही तिसरी तक्रार होती.

पहिली बोरिवलीच्या एका गृहस्थाने केली. त्याच्या नकाशातल्या स्वयंपाकघरात फ्रिज ठेवला की माणसाला जागा राहत नव्हती, आणि तुळशीदासाने तिथे फ्रिजात कोणाला बसवायचं याची यादी दिली होती. दुसरी खुद्द निलेशची. त्याने गाड्यांसाठी काढलेला उतार बघून तुळशीदासाने लिहिलं होतं, की इथे गाडी चढणार नाही, माकड चढेल, आणि ते निलेशच्या ओळखीचं असेल. तिसरी जान्हवी नावाच्या अंधेरीच्या मुलीच्या ड्रॉइंगवरून. एका लहान दवाखान्याचा नकाशा. त्यातल्या पेशंटच्या संडासाचं दार आत उघडत होतं.

गुणाजींच्या हातातल्या कागदावर तुळशीदासाचं पत्र होतं. सून श्रुतिका सगळी पत्रं ऑफिसातून छापून आणायची, कारण पडद्यावर बघून चेकिंग होत नाही हे गुणाजींचं ठाम मत. कागद हातात हवा, तो तिरका धरून बघता यायला हवा. पत्रात नमस्कार नव्हता. लिहिलं होतं: "दार बाहेर उघडायला हवं. पेशंट आत पडला तर दार त्याच्याच अंगाला अडतं. मग कोण उघडणार, तुझा बाप येणार खांदा लावायला? अक्कल गहाण ठेवून रेघा मारतेस का गं? जानेवारीत मी असाच पडलो होतो. वीस मिनिटं."

गुणाजींनी वीस मिनिटांखाली रेघ मारली होती. अकलेखाली दोन.

आता तुळशीदास कोण, तर ज्याने गुणाजींना हे सगळं शिकवलं तो. माहुलच्या कोळीवाड्यातला. गुणाजी विसाव्या वर्षी कंपनीत लागले तेव्हा तो तिथला चेकर होता, पाच वर्षांनी मोठा, आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यावरून त्याने प्यूनला हाक मारली की तळमजल्यावरच्या, अमोनियाच्या वाफेवर ड्रॉइंगच्या प्रती निघायच्या त्या खोलीतून प्रिंट आपोआप वर यायचे. चूक तो लाल पेन्सिलीने दाखवायचा. आणि ती चूक करणाऱ्याबद्दल त्याचं जे काही मत असेल ते समासात, फिकट निळ्या पेन्सिलीने लिहायचा. कारण निळी पेन्सिल अमोनियाच्या प्रिंटमध्ये उतरत नाही. साहेबाकडे जाणारा प्रिंट स्वच्छ. निळं जे काही असेल ते लिहिणारा आणि वाचणारा यांच्यात. चूक दुरुस्त झाली की ज्याला शिवी दिली त्यानेच ती रबराने पुसायची, असा रिवाज होता, आणि त्या रिवाजावर सतरा माणसांचं ड्रॉइंग-ऑफिस चाळीस वर्षं एकही भांडण न होता चाललं. गुणाजींच्या पहिल्या ड्रॉइंगमध्ये जिन्याला वरून बघितलं तर सोळा पायऱ्या होत्या आणि बाजूने बघितलं तर सतरा. त्यावर तुळशीदासाने समासात काय लिहिलं ते गुणाजींनी आजतागायत बायकोलाही सांगितलेलं नाही.

ईमेलला निळी पेन्सिल नसते, हे या माणसाच्या डोक्यात शिरतच नाही. असं गुणाजींचं मत होतं. त्यांनी ते निलेशला सांगितलंही होतं.

पण गोष्ट एवढीच असती तर टोपण बारा वेळा निघालं नसतं. दोन वर्षांपूर्वी तुळशीदासाच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि आवाज गेला. पूर्ण. गळ्याला लावून बोलायचं यंत्र मिळालं होतं, ते त्याने एकदा लावलं, त्यातून आलेला आवाज ऐकला आणि कपाटात ठेवून दिलं. गुणाजी तेव्हा माहुलला भेटायला गेले होते. तासभर एकटेच बोलले, हवामानापासून मेट्रोपर्यंत, आणि घरी आल्यावर दोन दिवस त्यांचं डोकं दुखत होतं. पुन्हा गेले नाहीत. जाऊ जाऊ म्हणत राहिले. तुळशीदास दिवसभर गटावर असतो, सगळ्यांची ड्रॉइंग बघतो, म्हणजे बरा आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. तो गट म्हणजेच आता त्याचं तोंड होतं, आणि ते बंद करायचं की नाही हे पाच वाजेपर्यंत सांगायचं होतं.

चारला गुणाजी गच्चीवर जाऊन आले. सव्वाचारला त्यांनी पंख्याचा वेग वाढवला आणि कागद उडाले म्हणून कमी केला. साडेचारला त्यांना वाटलं, वीस मिनिटं पडून राहिलेल्या माणसाला एक वाक्य माफ असावं. चार चाळीसला वाटलं, मग नियम कशाला केले. तुळशा आपला म्हणून सोडला तर उद्या प्रत्येक जण आपापला तुळशा घेऊन येईल.

पाचला दहा कमी असताना त्यांनी निलेशला फोन केला.

"काढा," ते म्हणाले.

"शुअर ना, काका?" निलेशने विचारलं, आणि पलीकडे बटण दाबल्याचा आवाज आधीच आला.

"चेक केलंय मी," गुणाजी म्हणाले.

काढल्याची नोटीस निर्णय देणाऱ्याने स्वतः लिहावी, असाही एक नियम होता. म्हणून सात वाजता श्रुतिका ऑफिसातून आल्यावर गुणाजींनी तिला लॅपटॉप उघडायला लावला. तिने तुळशीदासाचं पत्र पडद्यावर आणलं, खाली उत्तराची चौकट उघडली आणि पाणी प्यायला उठता उठता सहज म्हणाली, "पप्पा, हे काका अर्धं निळ्यात का लिहितात?"

 गुणाजींनी चष्मा काढून पुसला. मग खुर्ची पुढे ओढली.

दार बाहेर उघडायला हवं, हे काळ्यात होतं. पेशंट, दार, अंग, काळ्यात. बाप आणि अक्कल फिकट निळ्यात, इतक्या फिकट, की मुद्दाम वाकून बघितल्याशिवाय वाचता येऊ नयेत. जानेवारी आणि वीस मिनिटं पुन्हा काळ्यात. त्यांनी श्रुतिकाला मागची दोन पत्रं काढायला सांगितली. फ्रिज काळा, त्यात बसणाऱ्यांची यादी निळी. उतार काळा, माकड निळं. तिन्ही पत्रांत तुळशीदासाने एकदाही रंग चुकवला नव्हता.

"ऑफिसचा प्रिंटर ब्लॅक अँड व्हाइट आहे ना," श्रुतिका अपराध्यासारखी म्हणाली. "तुम्हाला रंगीत हवं होतं का?"

गुणाजी म्हणाले, तुझी काही चूक नाही, आणि उठून गॅलरीत गेले. या वेळी रस्ता बघितला नाही.

निलेशला त्यांनी लगेच फोन करून निळ्या पेन्सिलीची सगळी हकीकत सांगितली. निलेशने शांतपणे ऐकून घेतली. तो पस्तिशीचा, त्याने अमोनियाचा वासही कधी घेतलेला नव्हता. तो म्हणाला, पण काका, निळं असलं तरी दिसतंय ना? गुणाजी म्हणाले, दिसतं, पण धरायचं नसतं. निलेश म्हणाला, असं कुठल्या रूलमध्ये आहे?

असं कुठल्याच नियमात नव्हतं. गुणाजी म्हणाले, मग परत घे त्याला, चूक माझी आहे.

"रूल अकरा," निलेश म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता, हेच वाईट होतं. "एक वर्ष. मी तीन महिने म्हणत होतो, आठवतं ना? आता तुमच्यासाठी तोडला तर लोक मला धरतील."

गुणाजींनी त्याच फोनवर नियामकपद सोडलं. निलेशने, आजच नको, लेखी द्या, असं सुचवलं. तेही नियमातच होतं.

रात्रभर कूस बदलून झाल्यावर सकाळी त्यांच्या फोनवर जान्हवीचं पत्र आलेलं दिसलं. तिने नमस्कार केला होता. तुळशीदास सर गटावर दिसत नाहीत, आणि पत्ते कोणाला दिसू नयेत असा नियम असल्यामुळे त्यांना लिहिता येत नाही, म्हणून नियामकांना लिहीत आहे, असं म्हटलं होतं. तक्रार आपण केलेली नाही, निलेश सरांनी आपल्या नावाने केली हे कालच कळलं. दार बाहेर केलं आहे. सरांनी एकदा नजर टाकली असती तर बरं झालं असतं, दवाखान्याचं काम सोमवारी सुरू होतंय. सोबत नवं ड्रॉइंग जोडलं होतं.

गुणाजींनी स्टेशनजवळच्या दुकानात ते मोठ्या कागदावर छापून घेतलं, गुंडाळी केली आणि कुर्ल्यापर्यंत लोकल, मग बस असं करत माहुल गाठलं. रिफायनरीचा वास बस वळायच्या आधीच आत आला. वाटेत त्यांनी तीन वेळा काय बोलायचं ते ठरवलं आणि तिन्ही वेळा त्यात चूक सापडली.

दार कमळने उघडलं, तुळशीदासाच्या बायकोने. "आलास," एवढंच म्हणाली. मग आत बघत, हळू आवाजात, "कालपासना काय खाल्लान नाय. त्या टॅबवर लिवतो, नि परत येतंय. परत लिवतो, परत येतंय. काय झालाय त्याला, तुला म्हाईत हाय काय?"

माहीत आहे, असं गुणाजी म्हणाले.

तुळशीदास खिडकीशी बसला होता. गळ्याला पांढरा रुमाल. अर्धाच उरला होता, पण हात तेच होते. त्याने गुणाजींकडे बघितलं आणि पुन्हा खिडकीबाहेर बघायला लागला. गुणाजींनी वाटेत ठरवलेलं एकही वाक्य उच्चारलं नाही. गुंडाळी सोडली आणि ड्रॉइंग पलंगावर पसरलं. चार कोपऱ्यांवर कमळने न सांगता वाट्या ठेवल्या. चाळीस वर्षं ती हेच बघत आली असावी.

"चेक कर," गुणाजी म्हणाले.

 तुळशीदास उठला, पट्टी घेतली आणि वाकला. दार बघितलं. दाराबाहेरचा पॅसेज मोजला, पुन्हा मोजला. खिशातून लाल पेन्सिल काढून पॅसेजवर गोल काढला. दार आता बाहेर उघडत होतं खरं, पण उघडलं की पॅसेजमधून स्ट्रेचर जाणार नव्हतं. ही चूक गुणाजींना छापून घेताना दिसली नव्हती. बसमध्येही दिसली नव्हती. दाराची जागा फूटभर सरकवायची, असा बाण तुळशीदासाने काढला. खालच्या कोपऱ्यात "चेक्ड" असं लिहिलेली रिकामी चौकट होती. त्याने तिच्यावर पेन्सिलीचं टोक टेकवलं, सही केली नाही, आणि गुणाजींकडे बघून बोटाने हवेत एक वर्तुळ काढलं. दुरुस्त करून परत आण.

"उद्या आणतो," गुणाजी म्हणाले. "दुपारपर्यंत."

तुळशीदासाने मान हलवली. मग खिडकीतल्या डब्यात हात घालून शोधशोध केली आणि बोटभर उरलेला एक फिकट निळा तुकडा बाहेर काढला. समासाकडे वळला. आधी एक बाण काढला, गुणाजी उभे होते त्या दिशेने, आणि मग लिहायला लागला. चार ओळी झाल्या. थोडं थांबून त्याने पाचवी लिहिली. मग कमळकडे बघून हाताने जेवायची खूण केली.

गुणाजींनी कागद खिडकीकडे तिरका धरला आणि वाचलं. पुन्हा वाचलं. रिवाजाप्रमाणे चूक दुरुस्त झाल्यावर ज्याचं त्याने पुसायचं असतं, आणि डब्यात रबर होतं. गुणाजींनी ते घेतलं नाही. वाट्या उचलल्या, ड्रॉइंगची सावकाश गुंडाळी केली, समास आतल्या बाजूला येईल अशी.

त्या पाच ओळींत काय होतं ते इथे सांगता येत नाही. निळी पेन्सिल छापात येत नाही.