बटन कोण दाबतंय

वर्षाराणीनं वायरलेसचा सेट छातीशी घट्ट धरला आणि गूळ मार्केटच्या चौकात, भर रहदारीत, स्वतःभोवती सावकाश फिरायला सुरुवात केली.

रसवंतीसमोर उभ्या पोरांना आयतंच खाद्य मिळालं.

"ए, हिच्या अंगात आलंय बघ!"

"न्हाई रे, रील काढालीय. गाणं लावू का, ताई?"

"तुझ्या वरातीत लाव," वर्षाराणी फिरणं न थांबवता म्हणाली. पोरगं गोरंमोरं झालं. बाकीचे त्यालाच हसले.

तिला त्यांच्याकडे बघायला वेळ नव्हता. हातातल्या वायरलेसमधून खरखर येत होती आणि तीही क्षणभरच टिकणार होती. सेट असा छातीला लावून फिरलं की आपलंच अंग आड येतं. खरखर जिथं सगळ्यात बारीक होते, तिथं थांबायचं. मग ज्याला शोधतोय तो बरोबर आपल्या पाठीशी असतो. पाठ कुणाकडे करायची ते एकदा कळलं की शत्रू सापडलाच.

खरखर बारीक होत होत बंद झाली. तिची पाठ आता गंजगोलाईकडे होती.

तिच्या कपाळाला आठी पडली. रुद्रेश राहत होता औसा रोडला. म्हणजे भलत्याच दिशेला.

रुद्रेशच असणार, यात तिला तिळमात्र शंका नव्हती. इंजिनिअरिंगला असलेला, घराच्या गच्चीवर ताडमाड अँटेना उभारलेला रुद्रेश. ती वायरलेसची परीक्षा पास झाली, दिल्लीहून लायसन्स आलं, हवेतली ओळख म्हणून स्वतःचं कॉलसाइन मिळालं, तेव्हापासून तो तिच्यावर खार खाऊन होता. लातूरचे सगळे हॅम, म्हणजे हौशी वायरलेसवाले, रोज संध्याकाळी एका चॅनेलवर जमत. विरूपाक्ष स्वामी सर एकेकाची हजेरी घेत. सर पोलीस वायरलेसमधून रिटायर झालेले. बोलणं असं, की समोरच्यानं चपला काढूनच उभं राहावं. आणि वर्षाराणीनं हजेरीसाठी तोंड उघडलं रे उघडलं की कुणीतरी आपलं बटन दाबायचं. दोन आवाज एकाच वेळी हवेत गेले की दोन्हीचा चिवडा होतो. लोकांना तिचा शब्द कळायचाच नाही. कानात जायची नुसती किंकाळी.

"कोण होतं? काही समजलं नाही," स्वामी सर म्हणायचे. "पुढचं स्टेशन."

"मांजर असेल, सर," रुद्रेश म्हणायचा. "शेपटीवर पाय पडला असेल."

काल तिचा संयम सुटला. "बटन दाबून बसलेला भेकड कोण आहे ते मला माहीत आहे, औसा रोडचा आहे," असं ती चॅनेलवर बोलून बसली. आणि नेमकं तेवढं एकच वाक्य सगळ्यांना स्वच्छ ऐकू गेलं! कारण त्या वेळी कुणी बटन दाबलंच नाही. तिच्या मते हाच पुरावा होता. चोर दचकला.

"आरोप केलात, तर सिद्ध करा," स्वामी सर म्हणाले होते. "उद्याच्या हजेरीत नाव सांगा. नाही सांगितलं, तर नांदेडच्या यादीत तुमचं नाव नाही."

नांदेडला गोदावरीच्या घाटावर पुराची रंगीत तालीम होती. मोबाइल बंद पडले असं समजून सगळे निरोप वायरलेसवरून पाठवायचे. लातूरहून एकालाच घाटावर उभं राहायला मिळणार होतं. वर्षाराणी रोज आरशासमोर निरोप द्यायची तालीम करत होती. तिला तिथं जायचंच होतं.

तिनं स्कूटीला किक मारली. पुढच्या तिठ्यावर थांबली, बटन दाबून कॉलसाइन सांगितलं, सोडलं. तिच्या बोलण्यावर पाय देणारा ती थांबल्यावरही पळभर तसाच दाबून धरायचा. हा त्याचा एकच गाढवपणा आणि तेवढाच तिचा फायदा. त्या पळात ती वळायची. खरखरीच्या मागून कसले कसले आवाज यायचे. काहीतरी धप्पकन पडल्याचा, कुणीतरी खोकल्याचा. बोलायचं मात्र कुणी नाही. छुपा रुस्तम.

आवाज वाढत गेला. गंजगोलाईच्या गोल रस्त्यावर तर तो इतका जोरात आला की आता पाठ इकडे काय आणि तिकडे काय, फरक पडेना. शत्रू हाकेच्या अंतरावर होता. तिनं स्कूटी लावली. समोर रामलिंग मसालेवाले. तिच्या वडलांचं दुकान.

ती दाराबाहेर, पोत्यांच्या थप्पीआड उभी राहिली आणि हळूच पुन्हा एकदा कॉलसाइन म्हणाली.

आत गादीवर अप्पा बसले होते. त्यांच्या कानाला एक सेट होता. तिचाच जुना. चाचणी परीक्षेत मार्क कमी पडले तेव्हा त्यांनी तो हिसकावून घेतला होता आणि "भंगारात दिला तुझा डबा" असं सांगितलं होतं. नांदेडच्या मामानं दुसरा सेट दिला तर महिनाभर ते मामाशी बोलले नव्हते. रात्रंदिवस एकच पालुपद. "पोरीच्या जातीला हवेत गप्पा मारायची काय गरज हाय?"

तिच्या डोळ्यांदेखत अप्पांच्या अंगठ्यानं बटन दाबलं.

वर्षाराणीचे कान तापले. बाहेरचा कुणी नव्हता तर. रोज संध्याकाळी ती सगळ्यांसमोर तोंडघशी पडत होती आणि तिला पाडणारा रात्री समोर बसून भाकरी खात होता. ती आत शिरणार, तेवढ्यात अप्पा बोलले.

"हाव," ते म्हणाले. हो म्हणावं तशी मान डोलावली. "हाव, बेटा. हाव."

मग अंगठा तसाच ठेवून थोडा वेळ कान देऊन बसले. बसम्मा आत्या फोनवर सासरची गाऱ्हाणी सांगायची तेव्हा ते असेच बसत. आत्याला मध्येमध्ये हुंकार लागायचा. तो थांबला की ती तिकडून विचारायची, "झोपलास का मेलास?"

"अप्पा."

अप्पांनी दचकून सेट जवळच्या मिरचीच्या पोत्यात खुपसला.

"काय काम हाय? क्लास बुडवून गावभर हिंडालीस?"

"सेट द्या."

"कुठला सेट?"

"मिरचीत घातला तो."

अप्पांनी तो ओढून काढला. दोघंही सटासट शिंकले. शिंका थांबल्यावर भांडण जिथं होतं तिथूनच सुरू झालं.

"मी बोलले की बटन का दाबता?"

"मग? तू बोलालीस आणि मी काय मुक्यासारखं बसू? माणसानं हाव म्हणावं का न्हाई?"

"दाबलं की तुम्हाला माझं ऐकू यायचं बंद होतं."

"तेच तर! मी हाव म्हणलो की तू गप व्हायचीस. मला वाटायचं, पोरीनं ऐकलं."

रुद्रेशसाठी तिनं एकाहून एक जहाल शब्द जमवून ठेवले होते. त्यातला एकही कामाला येईना.

"तुमचं हाव मला कधीच ऐकू आलं न्हाई, अप्पा. सेट कानाला लावता, तोंड राहतंय बाजूला. कुणालाच काही ऐकू येत न्हाई. तुमच्यामुळं माझं पण जात न्हाई. लोक म्हणतात, मांजर वरडालंय."

अप्पा सेटकडे बघत राहिले. मग उसळले.

"मग आधी सांगायचं की! दिल्लीचा कागद आणलीस, बापाला एक बटन सांगता येईना?"

"तुम्ही भंगारात दिला म्हणालात!"

"मी काय बी म्हणतो!"

"आणि काल? काल का न्हाई दाबलं?"

"काल तू भांडालीस," अप्पा म्हणाले. "शिव्या द्यायलेल्या माणसाला हाव म्हणतेत का?"

दोन्ही सेट एकदम खरखरले. हजेरी सुरू झाली होती. स्वामी सरांनी आज क्रम मोडला आणि पहिलं तिलाच बोलावलं.

"काल मोठा आवाज केला होतात. सापडला का माणूस? नाव सांगा. बिनपरवाना असेल तर दिल्लीला कळवू, पोलिसातही देऊ. आणि ज्याचा सेट, त्याचं लायसन्स जाईल. सांगा."

अप्पांनी हातातला सेट गादीवर ठेवला. अंगठा धोतराला पुसला. पुसून झाल्यावरही पुसत राहिले.

वर्षाराणीनं आपलं बटन दाबलं.

"सापडला, सर. सेट माझाच आहे, जुना. त्याचं बटन दबून राहत होतं. आता मध्ये येणार नाही."

मग रुद्रेश हसला, त्याच्या पाठोपाठ बाकीचे.

"म्हणजे मॅडम स्वतःलाच शोधत गावभर हिंडल्या! आणि भेकड कोण, ते पण सांगा की."

"तुझ्यावर आरोप केला, ते चुकलं," ती म्हणाली. "माफ कर."

"जरा मोठ्यानं, मॅडम. मागच्या बाकावर ऐकू आलं न्हाई."

"माफ कर!"

समोर मिरची निवडणाऱ्या बाईनं मान वर केली.

"पुरे," स्वामी सर म्हणाले. "ज्याला स्वतःचा सेट सांभाळता येत नाही, त्याला मी घाटावर उभं करणार नाही. नांदेडला रुद्रेश जाईल. तुमचा आवाज मात्र आज स्वच्छ आहे. हजेरी लावली. पुढचं स्टेशन."

तिनं सेट खाली घेतला. डोळ्यांत पाणी होतं. मिरचीच्या दुकानात त्याला कारण लागत नव्हतं. पहिल्यांदाच तिची हजेरी लागली होती. ती कशी लागली हे मात्र कुणाला सांगण्यासारखं नव्हतं.

बाकीच्यांची हजेरी संपेपर्यंत अप्पा सांडलेली मिरची पोत्यात भरत राहिले. मग म्हणाले, "हा स्वामी म्हणजे काळा मसाला नेतो तोच ना?"

"अप्पा, नको."

"नको कसं? येऊ दे ह्या खेपेला. असा मसाला देतो की आठ दिवस हजेरी घेणार न्हाई."

"अप्पा!"

"गप बस." त्यांनी गादीवरचा सेट उचलला, उलटसुलट केला आणि तिच्यापुढे धरला. "हं. ऐकायचं असंल तर काय दाबायचं?"

"काहीच न्हाई."

"काहीच न्हाई?"

"नुसतं धरायचं."

हे त्यांना पटलेलं दिसलं नाही. "जा मग. तिकडं लांब जाऊन बोल. बघू दे मला."

"आता कुणी न्हाई तिथं. हजेरी संपली."

"मी हाय की. जा म्हणलं ना!"

ती रस्ता ओलांडून देवळाच्या पायरीपाशी जाऊन उभी राहिली. मध्ये रिक्षा, हातगाडे, भाजीवाल्यांचा कल्ला. तिनं बटन दाबलं, कॉलसाइन सांगितलं आणि पुढे काय बोलावं ते सुचेना म्हणून घाटावरच्या तालमीसाठी पाठ केलेला निरोप म्हणायला लागली. पाणी किती चढलं, किती माणसं अडकली, किती होड्या पाहिजेत.

पलीकडे दुकानात एक गिऱ्हाईक पिशवी नाचवत अप्पांवर खेकसत होतं. अप्पांनी त्याला एका हातानं गप्प बसवलं. दुसऱ्या हातात सेट होता. अंगठा तव्यावरून उचलल्यासारखा वर, हवेत. ओठ हलत होते.