फिल्मवर राहिलेली अंगठी

सकाळी सात वाजता सासूबाईंनी टेबलावरचं पोस्टर उचललं, खिडकीपाशी नेऊन उजेडात धरलं आणि म्हणाल्या, "अंगठी छान आहे हो हिची. असली दातेरी कुठे मिळते?"

मी डबा भरत होते. "कुठली अंगठी?"

"अगं ही काय. चाकासारखी. मोतीबिंदू मला झालाय का तुला?"

मी हात पुसून जवळ गेले. पोस्टरवर एका बाईच्या उजव्या हाताचा एक्स-रे होता. कोपरापासून बोटांपर्यंतचा हात, मधोमध मोडलेलं हाड आणि खाली एकच ओळ: 'मी पडले नाही.' अनामिकेवर पांढरं कडं होतं. बाहेरच्या कडेला बारीक दाते होते. मी मोजले नाहीत, पण मोजता आले असते इतके ते स्पष्ट होते.

हा एक्स-रे मीच काढला होता, तीन आठवड्यांपूर्वी.

सरकारी दवाखान्यात मी सतरा वर्षं एक्स-रे काढते. पडलेला माणूस हात टेकतो, तेव्हा बहुतेक वेळा मनगटाजवळ मोडतं. डोक्यावर येणारा मार अडवायला हात आडवा धरला, तर मोडतं ते करंगळीच्या बाजूचं हाड, मध्यावर. मध्यावर मोडलेला हात घेऊन येणारी जवळजवळ प्रत्येक बाई सांगते, "पडले." डॉक्टरही तेच लिहितात. मी हे एकदा मास्तरीणबाईंना सहज बोलून गेले आणि त्यातून हे पोस्टर निघालं.

मास्तरीणबाई निवृत्त शिक्षिका. बायकांना होणाऱ्या मारहाणीविरुद्ध त्यांची छोटी संघटना आहे, आणि तिचे धागे दुसऱ्या देशांतल्या अशाच संघटनांशी जोडलेले आहेत. बारा देशांत एकाच दिवशी, आपापल्या घड्याळात सकाळी अकराला, हे पोस्टर उघडं करायचं ठरलं होतं. ओळ तीच, भाषा ज्याची त्याची, हातही ज्याच्या त्याच्या देशातला. पूर्वेकडे आमच्याआधी उजाडतं, त्यामुळे तिथले फोटो पहाटेच माझ्या फोनवर आले होते.

आमचा हात मी दिला होता, त्या बाईला विचारून. फिल्मवरून तिचं नाव पुसलं. वय, तारीख, केस नंबर, दवाखान्याचं नाव, डाव्या-उजव्याची खूण, सगळं पुसलं. दोनदा तपासलं. अंगठी मला दिसलीच नाही. अंगठी, बांगडी, हूक, बटण या सगळ्यांना आमच्याकडे एकच नाव आहे, 'बाहेरची वस्तू'. आधी काढायला सांगायची, निघत नसेल तर नजरेआड करायची, असं पहिल्या वर्षी शिकवतात. त्या दिवशी तिची बोटं सुजली होती आणि अंगठी निघाली नव्हती. "राहू दे," मी म्हटलं होतं. "आम्हाला हाड बघायचंय."

त्यावर ती म्हणाली होती, "यांनीच करून दिलीय. कारखान्यात, लेथवर."

नवरा टर्नर होता, लेथवर धातू कातणारा. स्टीलच्या तुकड्यातून दाते पाडून त्याने ती केली होती, म्हणजे जगात तसली एकच होती.

"आई, मी निघते," मी म्हटलं.

"अगं, डबा!"

जिन्यातूनच मास्तरीणबाईंना फोन लावला. अंगठीचं सगळं त्यांच्या कानावर घातलं. मागे खरडल्याचा आवाज येत होता. त्यांची माणसं साडेपाचपासून पोस्टरं चिकटवत होती, वरून कागद लावून.

"कागद आहे ना वर?" मी विचारलं.

"वाऱ्याने निम्मे उडालेत. अकरापर्यंत टिकायला ते काय सिमेंट आहे? तो तिच्याबरोबरच राहतो का अजून?"

"ती त्याच्याबरोबर राहते. आठ दिवसांनी निघणारेय. बहीण न्यायला येणारेय. त्याला माहीत नाही."

"किती पोस्टरं लागली रे?" त्यांनी कुणाला तरी विचारलं. मग मला म्हणाल्या, "एकोणीस. नगरपालिकेची परवानगी मिळवायला सात महिने घातलेत मी. माहितीये ना तुला?"

"माहितीये, बाई."

"दुसऱ्या देशातल्या बायका अकराला फोटो मागतील."

मी फोन कानाला लावून पायऱ्या उतरत राहिले.

"मी काय अडवतेय का तुला," त्या चिडून म्हणाल्या. "बोलून बघतेय फक्त. काढते सगळी. तू तुझ्या कामावर जा, आणि उगाच धावाधाव करू नकोस. तू घाबरलीस की हुशारी करतेस."

त्या बरोबर बोलत होत्या. दवाखान्यात पोचल्यावर मी हुशारी केली.

तिला सावध करायला हवं होतं. तिचा स्वतःचा फोन नव्हता. केसपेपरवर नवऱ्याचा नंबर होता. या आठवड्यात त्याची दुपारची पाळी आहे हे गेल्या आठवड्यात तपासणीला आली तेव्हा तिनेच सांगितलं होतं, म्हणजे सकाळी तो घरात. पण दवाखान्याचा फोन आला तर त्यात संशय येण्यासारखं काही नाही, असा मी हिशोब केला. फिल्म खराब आली, परत काढावी लागेल, असं सांगायचं. रोज दोन-चार जणांना आम्ही असं बोलावतोच. ती एकटी येईल, मी तिला सांगेन, एवढाच माझा विचार.

फोन त्याने उचलला. आवाज मऊ होता.

"मशीन तुमचं, चूक तुमची, आणि हेलपाटा आमचा," तो हसत म्हणाला. "आणतो की. लगेच निघतो."

"त्यांना एकट्यांना पाठवलं तरी चालेल. पाच मिनिटांचं काम आहे."

"छे, छे. मोडका हात घेऊन बसमध्ये? मी आहे ना."

फोन ठेवल्यावर माझ्या लक्षात आलं. त्यांच्या घराकडून दवाखान्याकडे येणारा रस्ता एकच, पुलावरचा. त्याला घरात बसू दिलं असतं तर दुपारपर्यंत त्याने एकही पोस्टर पाहिलं नसतं.

"पुलाच्या रस्त्याला किती आहेत?" मी मास्तरीणबाईंना विचारलं.

"सहा. आम्ही कारखान्याच्या बाजूला आहोत. का?"

मी सांगितलं. नुसतं गाडीचं दार आपटल्याचं ऐकू आलं.

पुढची वीस मिनिटं मी एका म्हाताऱ्या गृहस्थांची छाती आणि एका मुलीचा घोटा काढला. गृहस्थांना श्वास रोखायला सांगितलं आणि सोडायला सांगायला विसरले. "सोडू का?" त्यांनी बिचाऱ्यांनी दबक्या आवाजात विचारलं. मधेच खिशातला फोन थरथरला. 'चार निघाली.' मग, 'पाच.' मग बराच वेळ काही नाही. मग, 'सहावं सिग्नलच्या खांबावर. उंच आहे. शिडी मागे राहिली.'

तेवढ्यात ते दोघं व्हरांड्यात दिसले. तो पुढे, ती दोन पावलं मागे, प्लास्टरचा हात झोळीत. तो ठेंगणा, इस्त्रीच्या शर्टातला माणूस होता. त्याने मला नमस्कार केला.

"तुम्ही बाहेर थांबा," मी म्हटलं. "आत किरणं असतात."

"नवऱ्यालासुद्धा?"

"सगळ्यांनाच."

शिशाचं जाड दार ओढून घेतलं. वरचा लाल दिवा लावला की बाहेरून कुणी आत यायचं नाही, हा नियम. ती टेबलाशी उभी राहिली. मी तोंड उघडायच्या आत म्हणाली, "सिग्नलला थांबलो होतो आम्ही."

"बघितलं त्यांनी?"

"हिरवा पडला तरी गाडी हलवली नाही. मागचे हॉर्न वाजवत होते."

"काय म्हणाले?"

"काहीच नाही. मला विचारलं, हात दुखतोय का." तिने झोळी सावरली. "असं ते कधी विचारत नाहीत."

अंगठीचं कसं चुकलं ते मी सांगायला लागले. तिने मधेच तोडलं.

"मी विचारलं होतं तुम्हाला, कुणाला ओळखू येईल का. तुम्ही म्हणालात, हाडं सगळ्यांची सारखीच असतात."

"म्हटलं होतं."

"मग मी हो म्हटलं."

भिंतीवरच्या घड्याळात नऊ पंचवीस झाले होते.

"घरी गेलात तर?" मी विचारलं.

"पाळी तीनला आहे त्यांची," ती म्हणाली. म्हणजे तीनपर्यंत तो घरी असणार. तिने तेवढंच सांगितलं, आणि तेवढ्यात सगळं आलं. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, "माझी सर्टिफिकेटं धान्याच्या डब्यात आहेत. बहिणीचा पत्ता पाठ आहे. चपला जुन्या घालून आलेय."

खोलीला मागे दुसरं दार आहे. स्ट्रेचरवरचे रुग्ण अपघात विभागातून तिकडून येतात. मी त्या दाराकडे बघितलं. तिनेही बघितलं.

"मास्तरीणबाई पुलावरच आहेत. अपघाताच्या फाटकाशी यायला त्यांना सहा-सात मिनिटं लागतील. तिथे आमची सिस्टर तुम्हाला आत बसवून घेईल."

"आणि तुम्ही?"

"मी फिल्म काढते."

ती हलली नाही. एक हात टेबलाच्या कडेवर घट्ट होता. मला वाटलं, आता ती नाही म्हणेल, पुढच्या दाराने बाहेर जाईल आणि त्याच्यामागून दोन पावलांवर चालू लागेल. तिला तसं करायचा पूर्ण हक्क होता. एका चुकीवर मी दुसरी केली होती. तिसऱ्यांदा माझ्यावर भरवसा कोण ठेवेल?

"सर्टिफिकेटं गेली म्हणायची," ती म्हणाली आणि मागच्या दाराने निघून गेली.

मास्तरीणबाईंना दोन ओळी पाठवल्या. मग मी रिकाम्या टेबलावर फिल्मची कॅसेट ठेवली, काचेमागे गेले आणि बटण दाबलं. मशीन गुणगुणलं, खटका वाजला. टेबल सरकवलं, पुन्हा दाबलं. बाहेर आवाज जात राहायला हवा होता.

चार मिनिटांनी दारावर टकटक झाली.

"झालं का?"

"एक अजून. त्या हलल्या जरा."

"सवयच आहे तिला," तो बाहेरून म्हणाला. कुणीतरी बाकावरचं हसलं.

मी पुन्हा बटण दाबलं. नऊ बत्तीस. नऊ चौतीस. त्याने दुसऱ्यांदा वाजवलं ते बोटाने नाही, मुठीने. नऊ छत्तीसला फोन थरथरला. 'गाडीत बसली.'

दिवा बंद केला. दार उघडण्याआधी मागच्या दारातून वॉर्डबॉयला हाक मारून व्हरांड्यात जायला सांगितलं, दणकट माणूस आहे. मग दार ओढलं.

तो आत आला नाही. उंबऱ्यावरूनच त्याने रिकामं टेबल बघितलं, काच बघितली, मागचं दार बघितलं. घाई केली नाही. काम बघणाऱ्या कारागिराची नजर होती, एकेका सांध्यावर थांबणारी. शेवटी ती माझ्या छातीवरच्या बिल्ल्यावर आली. त्याने माझं नाव वाचलं, ओठ हलवत, आडनावासकट.

"तुमची ड्यूटी किती वाजता सुटते?" त्याने त्याच मऊ आवाजात विचारलं.

आमच्या ड्यूटीचं वेळापत्रक त्याच्या मागच्या भिंतीवर लावलेलं होतं.

"चारला," मी म्हटलं. मग दाराकडे हात केला. "पुढच्या पेशंटला जागा द्या."