चाचणीची चिठ्ठी

मिस्त्रीने कॉम्प्युटरच्या कॅबिनेटचा शेवटचा स्क्रू काढला, बाजूचं झाकण सरकवलं आणि आत चिकटवलेली स्वतःचीच चिठ्ठी त्याला दिसली. ‘मेमरीची रात्रभर चाचणी केली. दोष नाही.’ खाली तारीख आणि त्याची लफ्फेदार सही.

तसा तो खरा मिस्त्री नव्हे, कॉम्प्युटर जोडून द्यायचा. पण हाताला सफाई अशी, की नाव पडलं ते पडलंच. त्या चिठ्ठीशिवाय एकही यंत्र दुकानाबाहेर जात नाही, ही त्याची ऐट. लोक लांबून यायचे ते त्या चिठ्ठीसाठीच.

काउंटरच्या पलीकडे म्हातारा उभा होता. गळ्याला पातळ रुमाल, हातात वही. चाळीस वर्षं भाजीबाजारात लिलाव पुकारलेला माणूस! काय तो आवाज होता! पहाटे त्याने पहिली हाक मारली की तीन गल्ल्या पलीकडे मिस्त्री अंथरुणात उठून बसायचा, वर चार शिव्याही घालायचा. चार महिन्यांपूर्वी घशाचं ऑपरेशन झालं आणि तो आवाज कायमचा गेला.

म्हाताऱ्याने वही पुढे सरकवली. ‘मेमरी बदला. मुलाच्या व्हिडिओच्या कामाला आणि खेळाला, दोन्हीला पुरेल अशी. चांगल्यातली चांगली.’

“का? आहे तिला काय झालं?” मिस्त्रीने विचारलं.

म्हातारा बराच वेळ लिहीत राहिला. मग त्याने वही फिरवून समोर धरली.

‘ऑपरेशनच्या आधी पोराने मला अकरा दिवस कॅमेऱ्यासमोर बसवलं. लिलाव पुकारून घेतले, जुन्या गोष्टी, त्याच्या आईला मारायचो त्या हाकासुद्धा. सगळं या यंत्रात उतरवून घेतलं आणि कॅमेऱ्याची कार्डं पुसली. आता त्यातलं काहीच धड उघडत नाही. उतरवून घेताना तो बाजूला गेम खेळत होता. म्हणतो, मी खेळत बसलो आणि तुमचा आवाज घालवला. दोन महिने झाले, माझ्या तोंडाकडे बघत नाही. यंत्राला हात लावत नाही. जेवणही अर्धं टाकून उठतो.’

मिस्त्रीने मान खाली घातली. आत मेमरीच्या दोन पट्ट्या बसवलेल्या होत्या. दिसायला जुळ्या बहिणी, पण लेबलांवरचे नंबर निराळे. ते त्याला वाचायची गरज नव्हती. त्या दिवशी दुकानात एकच जोडी उरली होती आणि तिच्यातली एक पट्टी मेलेली निघाली. त्याने दुसऱ्या खोक्यातली एक काढून तिच्या जागी लावली. पोरगा दारातच उभा. “काका, आजच द्या हो, बाबांकडे पंधराच दिवस आहेत.” चाचणीला अख्खी रात्र लागते. एका रात्रीने काय आभाळ कोसळणार आहे, असं म्हणून त्याने चिठ्ठी लावून टाकली. सगळ्या आयुष्यात ती एकच चिठ्ठी खोटी. खेळण्याबिळण्याने असल्या फाइली बिघडत नाहीत, बेमेळ पट्ट्यांनी बिघडतात, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक असणार?

त्याने खोकी काढून मांडली.

“नुसत्या खेळाला बत्तीस जीबी रग्गड झाली. व्हिडिओ कापायचे तर चौसष्ट घ्या. वेगाच्या आकड्यांना भुलू नका. मात्र जोडी एकाच खोक्यातली हवी. दोन खोक्यांतल्या पट्ट्या एकत्र कधीच...” तो खोकी सरळ करू लागला.

म्हाताऱ्याने वांगी पारखावीत तशी एकेक खोकं तळहातावर तोलून पाहिलं आणि चौसष्टची जोडी बाजूला काढली. मग पुन्हा वही ओढली.

‘एक उपकार करा. पोराला फोन लावा. म्हणा, जुनी मेमरी खराब निघाली, चूक दुकानाची. हे खोटं आहे, मला कळतं. चिठ्ठी मी वाचली आहे. पण तुमच्या तोंडून ऐकलं तर पोरगं सुटेल माझं.’

मिस्त्रीने वही मिटून बाजूला ठेवली.

“खोटं नाही हो ते,” तो कसाबसा म्हणाला. “चूक माझीच आहे. मी चाचणी केलीच नव्हती.”

म्हाताऱ्याचे डोळे भरून आले. त्याने मिस्त्रीचा हात दोन्ही हातांत घेऊन दाबला आणि लिहिलं, ‘अगदी असंच म्हणा. याच आवाजात.’

मिस्त्रीने फोन लावला. काही राखून ठेवलं नाही. मेलेली पट्टी, दुसरं खोकं, न केलेली चाचणी, सगळं सांगून टाकलं.

“बाबा समोर आहेत ना?” पोराने शेवटी विचारलं.

“आहेत. पण मी खरं सांगतोय रे. पट्ट्यांवरचे नंबर बघ हवं तर.”

“हे पण त्यांनीच लिहून दिलं का?” तो हसल्यासारखा आवाज झाला. “काका, तुम्ही भले माणूस आहात. पण चिठ्ठीवर सही तुमची आहे. तुमची चिठ्ठी खोटी नसते, म्हणून तर मी तुमच्याकडे आलो होतो. बाबांना सांगा, मला पटलं.”

फोन बंद झाला. म्हाताऱ्याने भुवया उंचावल्या.

“पटलं म्हणतो,” मिस्त्री म्हणाला.

म्हाताऱ्याचं तोंड हाक मारायला उघडावं तसं उघडलं. आवाज आला नाही, गळ्यावरचा रुमाल तेवढा हलला. मग डोळे पुसून तो कॅबिनेटकडे बोट दाखवू लागला.

मिस्त्रीने नवी जोडी बसवली. जुनी चिठ्ठी नखाने खरवडून पाहिली, ती अर्धीच निघाली.

“उद्या सकाळी न्या,” तो म्हणाला. “आज रात्रभर चाचणीला लावतो.”

म्हाताऱ्याने हात उडवला आणि भराभर लिहिलं. ‘चाचणी कशाला? पोरगं वाट बघत असेल. तुम्ही चिठ्ठी लावा, तेवढी मला बास आहे.’

आणि त्याने आपलं पेन मिस्त्रीच्या पुढे धरलं.