खारट तीर्थ

मी एक जुने कासव आहे. जुने म्हणजे किती, ते विचारू नका. आमच्यात वाढदिवस करत नाहीत. माझ्या पाठीवर शेवाळ आहे, शिंपले चिकटलेले आहेत, आणि पुढच्या डाव्या पायावर एक जुना वळ आहे. तो विहिरीच्या दोराचा आहे. मित्रांनो, समुद्रातल्या कासवाला विहिरीचा दोर कुठे भेटला, असे तुम्हाला वाटेल. तर ऐका. मी बंगळूरला, बसवनगुडीतल्या एका घराच्या विहिरीत, पाच महिने देव होते.

माझे घर म्हणजे कारवारसमोरचे एक लहानसे बेट. त्याचे नाव मला माहीत नाही, आम्ही बेटांना नावे ठेवत नाही. त्या बेटाच्या पोटात एक गुहा आहे. तिचे तोंड इतके ठेंगणे, की ओहोटीला माणूस डोके वाकवून पोहत आत येऊ शकतो, आणि भरतीला ते पुरते बुडून जाते. आत मात्र चांगली ऐसपैस जागा. छताला एक गोल भोक आहे, त्यातून दुपारचे ऊन खाली पाण्यात उतरते. पट्ट्यापट्ट्यांचे मासे त्या उन्हात येऊन उगाच फिरत राहतात. मी लहान होते, म्हणजे पोळीच्या परातीएवढी. पोटभर शेवाळ खायचे आणि तिथल्या कपारीत झोपायचे, एवढाच माझा उद्योग होता.

१९५८ सालच्या नाताळच्या सुट्टीत तिथे उपेंद्र आला. तो बंगळूरच्या एका कारखान्यात विमानाचे सुटे भाग तपासायचा. कारवारला आला होता मुलगी पाहायला. मुलगी, म्हणजे तिथल्या पोस्टमास्तरांची कावेरी, पसंत पडली. मग उरलेल्या सकाळी स्वारी विठोजी नावाच्या नाखव्याच्या होडीतून बेट पाहायला निघाली. उपेंद्राने लॉरीच्या जुन्या ट्यूबचे रबर कापून, त्यात काच बसवून पाण्यात घालायचा चष्मा स्वतः बनवला होता. तोंडात श्वासाची वाकडी नळी. असले ध्यान मी तोवर पाहिले नव्हते. ते गुहेत शिरले, माशांमागे लहान पोरासारखे हिंडले, आणि मला झोपेतच दोन्ही हातांनी उचलून घेऊन गेले.

त्याच्या मनात वाईट काही नव्हते. घरी त्याची आई पद्मावतीबाई. नळाच्या तोटीत चामड्याची चकती असते, म्हणून नळाचे पाणी त्यांच्या देवाला चालत नसे. देवाला पाणी विहिरीचे, आणि ते त्या स्वतः पहाटे सोवळ्यात ओढत. त्या विहिरीतले जुने कासव दिवाळीत मेले होते. कासव पाणी राखते, विहिरीत कासव नसले की पाणी आटते, अशी त्यांची ठाम समजूत. शिवाय कूर्म म्हणजे साक्षात विष्णूचा अवतार. तेव्हा मुलाने आईला कबूल केले होते, की कुठूनही एक कासव आणीन.

होडीत विठोजी म्हणाला होता, "साहेब, हे दर्याचं जनावर. विहिरीत त्याचं कसं व्हायचं?"

"कासव ते कासव, विठोजी. आणि पाणी ते पाणी," उपेंद्र म्हणाला.

विमानाचा खिळासुद्धा भिंगातून तपासणारा माणूस तो! पण माझ्या पायांकडे त्याने पाहिले नाही. विहिरीतल्या कासवाला नखांचे पाय असतात. मला वल्ही आहेत, मैलोगणती पोहण्यासाठी दिलेली.

ओल्या पोत्यात गुंडाळून त्याने मला बंगळूरला आणले. पद्मावतीबाईंनी मला हळदकुंकू लावले, ओवाळले आणि टोपलीत घालून विहिरीत सोडले.

मित्रांनो, त्या विहिरीची लांबीरुंदी मला आजही पाठ आहे. सहा हात मारले की दगड. वळले, पुन्हा सहा हात, पुन्हा दगड. लाट नाही, भरती नाही, ओहोटी नाही. वर पाहिले तर आभाळ ताटाएवढे. गोडे पाणी तुम्हाला अमृत असेल, मला त्याने आतून सुजल्यासारखे होई. रोज पहाटे घागर धाडकन पाठीवर येई. वरून तूपभात पडे, झेंडूची फुले पडत. मी शेवाळ खाणारी, तूपभाताचे काय करू? शेजारपाजारच्या बायका, मल्लेश्वरमचे पाहुणे, सगळे कठड्यावरून वाकून हात जोडत. "काय तेज आहे पाहा मुखावर!" असे कोणीतरी म्हणे. तेज कसले, माझे डोळे सुजले होते. आणि देव म्हटले तरी सुटका नाहीच. देवाला कोणी विचारत नाही, की बाबा, तुला इथे राहायचे आहे का?

माघात लग्न होऊन कावेरी त्या घरात आली. दुसऱ्याच दिवशी ती पाणी काढायला वाकली आणि तिचा हात दोरावरच थांबला. समुद्राकाठी वाढलेली मुलगी ती. तिने माझी वल्ही ओळखली.

मागल्या दारी ती उपेंद्राला म्हणाली, "अहो, ते समुद्राचं आहे. मरेल इथे."

 उपेंद्र म्हणाला, "स्वल्प हळू बोल. अम्माला कळलं तर तिचा जीव दुखेल. होईल सवय त्याला."

आवाज विहिरीत फार स्पष्ट उतरतो. मी ऐकले, आणि त्या दिवशी मला पहिल्यांदा वाटले, की आता आपण इथेच संपणार. चूक न कळलेल्या माणसाकडून आशा असते. कळूनही झाकणाऱ्याकडून काय ठेवायची? कावेरी नवी सून होती, तीही गप्प बसली. मात्र रोज ती घागर अलगद सोडू लागली, माझ्या पाठीला लागू नये म्हणून.

चैत्र गेला. विहिरीचे पाणी खाली गेले. मी एका अंगावर कलून पडून राहू लागले, हात मारायची ताकद उरली नाही.

वैशाखी पौर्णिमेला कूर्मजयंती. पद्मावतीबाईंनी माझा अभिषेक करायचे ठरवले. टोपली खाली आली, दोराचा फास माझ्या पायात अडकला, हिसका बसला, आणि मी पाच महिन्यांनी वर आले. तोच हा वळ. मला पाटावर ठेवले. दूध, दही, मध झाले, शेवटी स्वच्छ पाण्याचा अभिषेक. माझ्या डोळ्यांतून पाणी वाहत होते. आम्ही समुद्रकासवे अंगातले मीठ डोळ्यांवाटे बाहेर टाकतो. विहिरीत मीठ कुठले! जे काही शेवटचे उरले होते, तेच वाहत असावे. ते अभिषेकाच्या पाण्यात मिसळून ताम्हनात गेले.

पद्मावतीबाईंनी पळीभर तीर्थ तळहातावर घेतले, तोंडात घातले आणि त्या थबकल्या.

"कावेरी, पाण्यात मीठ कुणी घातलं?"

"कुणी नाही, अत्ते." कावेरी सासूला म्हणाली. "ते त्याच्या डोळ्यांतलं आहे. हे विहिरीचं कासव नाही. समुद्राचं आहे."

"तुला कधीपासून ठाऊक?"

"आले तेव्हापासून."

"आणि तुला रे, उपेंद्रा?"

"तिने तेव्हाच सांगितलं होतं," उपेंद्र म्हणाला. पद्मावतीबाई माझ्याकडे वाकल्या. त्यांनी आधी माझे डोळे पाहिले, आणि मग माझे पाय. त्या घरात माझे पाय नीट पाहणारी ती दुसरी बाई.

"मी देव कोंडून ठेवला," त्या म्हणाल्या, "आणि तुम्ही दोघं मला तीर्थ घेऊ देत होता."

"अम्मा, पण तूच म्हणतेस, कासव गेलं की विहीर आटते. पाणी आधीच दोन हात राहिलंय."

"आटू दे."

एवढे बोलून त्या उठल्या. चाळीस वर्षे त्या विहिरीवर त्यांचा देव, त्यांचे सोवळे, त्यांची सगळी सकाळ उभी होती. त्या दोन शब्दांत त्यांनी काय सोडले, ते मला आता कळते. तेव्हा मला फक्त उन्हाने आग होत होती.

कावेरी म्हणाली, "अत्ते, मिरग लागला की होड्या वर ओढतात. मग नारळीपौर्णिमेपर्यंत कुणी बेटावर नेणार नाही. तोवर हे जगायचं नाही."

"सरी, ठीक आहे. उद्याच निघू. स्थापना मी केली, विसर्जनही मीच करणार. आणि उपेंद्रा, जिथून उचललंस तिथेच नेऊन ठेवायचं. किनाऱ्यावर टाकून पळायचं नाही."

मला एका मोठ्या टोपात ठेवले, टोपाला विहिरीचाच दोर बांधला आणि आम्ही निघालो. आधी रेल्वे, मग घाटातली बस. कावेरी दर घटकेला माझ्यावर ओले फडके पिळी.

कारवारला विठोजी आभाळाकडे पाहत म्हणाला, "फक्त सकाळपुरतं नेतो. दुपारचं वारं सुटायच्या आत परत." म्हणून ती अर्ध्या दिवसाची सहल. पद्मावतीबाईंनी समुद्र कधी पाहिलाच नव्हता. होडीशेजारून डॉल्फिन उसळले तेव्हा त्यांनी आधी होडीची कड धरली, मग तोंडाला पदर लावला, आणि मग चक्क हसल्या. "एवढं पाणी!" असे त्या दोनदा म्हणाल्या. टोपात मला खारा वास आला आणि माझी वल्ही आपोआप हलू लागली.

बेटाच्या वाळूवर तिघे उतरले. उपेंद्राने तो रबरी चष्मा चढवला, नळी तोंडात धरली आणि मला छातीशी घेऊन गुहेत शिरला. मी त्याच कपारीजवळ पाण्यात पडले. खारे पाणी अंगाला लागले. पण मित्रांनो, मला पोहता येईना. मी दगडासारखी तळाशी बसून राहिले.

उपेंद्र कडेच्या खडकावर बसून माझी वाट पाहू लागला. "चल ना," तो म्हणत होता. "चुकलो गं बाई. चल ना." मी हलल्याशिवाय त्याचा पाय निघत नव्हता. आणि तेवढ्यात पौर्णिमेमागची मोठी भरती चढली. गुहेचे तोंड बुडाले. त्याने दोनदा बुडी मारून पाहिली, दोन्ही वेळा लाटेने त्याला आत आपटले. चष्म्याची काच फुटली. तो पाण्यात छातीपर्यंत उभा राहिला आणि त्याने वर पाहिले. वर ते गोल भोक होते. त्यातून आभाळ दिसत होते, ताटाएवढे.

इथे मी त्याला वाट दाखवून वाचवले, असे सांगितले तर तुम्हाला गोड वाटेल. पण खोटे कशाला बोलू? मी तळाशी शेवाळ खात होते. पाच महिन्यांची भूक होती.

त्याच्या हाका भोकातून वर गेल्या. आधी कावेरीचे डोके दिसले, मग पद्मावतीबाईंचे. नऊवारीचा काचा मारून, अनवाणी, त्या खडक चढून आल्या होत्या. विठोजी दोराला गाठ मारायला पुढे झाला, तर त्या म्हणाल्या, "सर बाजूला. घागरीचा फास मला शिकवू नकोस."

टोपाला बांधलेला तो विहिरीचा दोर खाली आला. उपेंद्राने तो काखेखाली घेतला. वरून बाईंचा आवाज आला, "हिसका देऊ नका रे, भांडं आपटतं. कावेरी, तू माझ्या तालाने ओढ." चाळीस वर्षे पाणी ओढलेले ते हात. एकेक हात करत त्यांनी आपला मुलगा त्या भोकातून वर काढला, भरल्या घागरीसारखा.

मग मीही निघाले. बुडालेले तोंड मला दारच होते. सहा हात मारले आणि सवयीने वळायला लागले. पुढे दगड नव्हता. सातवा हात मारला. आठवा मारला. मित्रांनो, तो सातवा हात मी अजून विसरले नाही.

श्वास घ्यायला मी होडीशेजारी वर आले. पद्मावतीबाईंचे तळवे दोराने सोलून लाल झाले होते. त्यांनी मला ओळखले. तळहात समुद्रात बुडवून त्यांनी तीन वेळा पाणी तोंडात घेतले. इतक्या झोंबणाऱ्या जखमांवर खारे पाणी, पण त्या शांत होत्या.

"तीच चव," त्या म्हणाल्या.

उपेंद्र कुडकुडत बसला होता. थोड्या वेळाने हळूच म्हणाला, "अम्मा, विहिरीसाठी दुसरं आणू? गोड्या पाण्याचं, नीट बघून?"

"आत किती वेळ होतास?"

"तासभर असेन."

"वर बघत होतास ना?"

 त्याने पुन्हा तो प्रश्न विचारला नाही.

ती विहीर पुढे भरली की आटली, मला ठाऊक नाही. बसवनगुडीची बातमी समुद्रात येत नाही. मला त्या घराचा राग नाही. त्यांनी मला तूपभात दिला, फुले दिली, देव म्हटले. म्हणून तर सांगते मित्रांनो, नुसती माया पुरत नाही. कुणाला घरी आणावेसे वाटले, जपावेसे वाटले, तर हात जोडण्याआधी एकदा खाली वाकून त्याचे पाय पाहा.